पेशींचा शेजारधर्म

मढच्या बंदरावर ताजी कोळंबी शेपटी झटकून मागे उडी घेते, हे आपण पाहिलेच असेल. तिच्या जातकुळीतल्या, गोड्या पाण्यातल्या एका प्राण्यात हा झटक्याचा विजेचा इशारा एका पेशीतून शेजारणीत थेट जातो, हे फर्शपान व पॉटर यांनी १९५९ साली दाखवले. पुढे वाटही सापडली: दोन्ही भिंतींतून आरपार गेलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. तशाच नळ्यांमुळे आपल्या हृदयातील कोट्यवधी पेशी, वल्ही मारणाऱ्या कोळ्यांसारख्या, एका ठेक्यात चालतात. त्यांतून क्षार, साखर जाते. मोठी प्रथिने अडतात. मात्र एखादी पेशी जबर जखमी झाली, की नळ्या मिटतात नि शेजारी वाचतात. दार उघडे ठेवणे हा शेजारधर्म. वेळीच लावणे हाही शेजारधर्मच!