चाळीतला कांदा श्वास घेतो

(सिन्नर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



जीवशास्त्राची तोंडओळख करून द्या, असं संयोजकांनी मला सांगितलं. समोर कॉलेजची मुलं आहेत, शिक्षक आहेत आणि उन्हाळ कांदा नुकताच चाळीत भरून निवांत झालेले शेतकरीही आहेत. सजीवांची लक्षणं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाठ केली आहेत: वाढ, हालचाल, श्वसन, पुनरुत्पादन. पेपरात लिहिली, गुण मिळाले, पुढचा धडा सुरू झाला. आज ही यादी तपासून पाहू. त्यासाठी लागणारं सगळं साहित्य सिन्नरमध्येच आहे.

पहिला नमुना आपल्या गारगोटी संग्रहालयातला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी खेळत राहिलं आणि स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांसारखे स्फटिक वाढले. विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना ते आपल्या हाती लागतात. हे स्फटिकही कणाकणानं वाढलेत, त्यांच्या रचनेत विलक्षण शिस्त आहे. म्हणजे नुसती वाढ आणि नुसती रचना यांवरून एखादी वस्तू जिवंत ठरत नाही.

दुसरा नमुना कांदा. कांद्याला आपण सरसकट कंद म्हणतो, पण उभा चिरून पाहा. तळाशी चपटी चकती दिसते, ते त्याचं खोड. चकतीच्या खालून मुळं फुटतात आणि वर एकात एक बसलेल्या जाड पाकळ्या असतात. हे पानांचे बुडखे, अन्न साठवून फुगलेले. मधोमध कोंब झोपलेला असतो. कांदा कधी धरायचा हे पात ठरवते, दिवसाच्या लांबीवरून. आपल्याकडच्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. युरोपातल्या जाती चौदा तासांच्या वर दिवस गेल्याशिवाय पोसत नाहीत, म्हणून त्यांचं बी इथं लावलं तर नुसती पात माजते.

आता चाळीत चला. काढणी झाली, पात वाळली, मान कापली. तरी कांदा मेलेला नाही. त्याच्या प्रत्येक जिवंत पेशीत साखर जळते आहे, प्राणवायू आत जातो आहे, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते आहे. वजन घटतं ते यामुळे आणि पाणी उडून गेल्यामुळे. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून चाळीला खालून आणि बाजूंनी हवा हवी, म्हणून थर चार-पाच फुटांच्या वर नको. मान इंचभर ठेवून नीट सुकवायची, कारण ओली, जाड मान म्हणजे बुरशीला उघडं दार. वरचं कागदासारखं साल मेलेल्या पेशींचं असतं, पण रंगीत सालातली काही रसायनं ठरावीक बुरश्यांना रोखतात; पांढऱ्या कांद्याला त्या लवकर धरतात.

स्फटिक आणि कांदा यांतला फरक इथं उघड होतो. स्फटिक एकदा तयार झाला की तसाच राहायला त्याला काही करावं लागत नाही. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात तो शतकानुशतकं राहील. कांद्याला मात्र कांदा म्हणून टिकण्यासाठी अखंड काम करावं लागतं, आणि त्या कामाची किंमत तो स्वतःच्या साठ्यातून मोजतो. जिवंत असणं म्हणजे हे न थांबणारं काम. माझ्या आजच्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

हे काम चालतं पेशीत. रॉबर्ट हुक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना पेशी म्हटलं. त्या मेलेल्या होत्या. जिवंत पेशी पाहायची तर कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवा, आयोडीनचा थेंब टाका. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतात, प्रत्येकीत पिवळसर गोल केंद्रक. या पेशीच्या आतही कप्पे आहेत. एका कप्प्यात एक विकर, त्याच्या बाहेर गंधकयुक्त पदार्थ. विळीनं कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येतात, मग आणखी एक विकर कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरं विकर जपानी शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये शोधून काढलं. कुरतडणाऱ्या किड्याविरुद्धची ही तयारी आपल्या स्वयंपाकघरात आपल्याला रडवते.

कामाचा आराखडा केंद्रकात असतो. पाण्याच्या ग्लासावर कांदा असा ठेवा की फक्त बूड टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. त्यांची टोकं सकाळी कापून, रंगवून, काचेखाली हलकेच दाबली की पेशी दुभंगताना दिसतात. काही पेशींत गुंत्यासारखे धागे, काहींत ते मधोमध रांगेत उभे, काहींत दोन टोकांकडे ओढले जाणारे. ही गुणसूत्रं, कांद्यात सोळा. माणसात सेहेचाळीस. पण कांद्याच्या डीएनएचा मजकूर आपल्यापेक्षा सुमारे पाचपट लांब आहे. मजकूर लांब म्हणून जीव श्रेष्ठ, असं निसर्गात काही नाही.

जिवंत असणं म्हणजे न थांबणारं काम, या व्याख्येची सीमारेषाही पाहू. तंबाखू या गावाला नवी नाही. इथल्या कितीतरी संसारांना विड्या वळणाऱ्या हातांनी आधार दिला. त्याच तंबाखूवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक वेंडेल स्टॅनली यांनी 1935 मध्ये मिळवले. बाटलीत ते निर्जीव पदार्थासारखे पडून राहत, पानात गेले की पुन्हा रोग पाडत. विषाणूकडे आराखडा आहे, काम करणारी यंत्रणा नाही; ती तो पेशीकडून उसनी घेतो. फुलकिडे कांद्यावर पसरवतात तो पिवळ्या ठिपक्यांचा विषाणूही असाच.

शेवटची गोष्ट डेंगळ्यांची, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांची. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलाचे परागकण आधी गळतात आणि त्याच फुलातला स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. फुलोऱ्यात सकाळच्या प्रहरी कीटकनाशक मारलं तर किडीबरोबर माशीही मरते आणि गोंड्यात उळं, म्हणजे बी, भरत नाही. कांद्याचं ते न थांबणारं काम पुढच्या पिढीत जातं ते दुसऱ्या एका जिवाच्या पंखांवरून.

म्हणून दोन मागण्या करतो. शिक्षकांनी जूनमध्ये शाळा उघडली की सजीवांचा धडा फळ्यावर सुरू करू नये. प्रत्येक वर्गात ग्लासावर एक कांदा ठेवावा आणि मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दुभंगणारी पेशी दाखवावी. शेतकरी बांधवांनी गोंडे फुललेले असताना फवारणी टाळावी. करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी. चाळीतली घट, बियाण्याचा तुटवडा, रोगाची साथ हे सगळे आपल्या रोजच्या जगण्यातले प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं जीवशास्त्रात आहेत. हे शास्त्र परीक्षेपुरतं ठेवलं तर नुकसान आपलं आहे. ते शेतात आणि घरात वापरणारं गाव म्हणून सिन्नरची ओळख व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.