पेकहॅमचे कुटुंबकेंद्र

संध्याकाळचे सहा वाजले म्हणजे शहरातील कुटुंब चार दिशांना पांगते. वडील कामावरून येतात आणि थोड्याच वेळात पुन्हा बाहेर पडतात. आई स्वयंपाकघरात गुंतलेली असते. तरुण मुलगा नाक्यावर मित्रांत उभा असतो, धाकटी मुलगी शिकवणीला गेलेली असते आणि आजोबा देवळाच्या कट्ट्यावर बसलेले असतात. रात्री जेवणाच्या वेळी ही मंडळी पुन्हा एकत्र येतात खरी. परंतु दिवसभरात कोणी काय केले, हे दुसऱ्याने पाहिलेले नसते. ते केवळ सांगायचे आणि ऐकायचे असते, आणि पुष्कळदा तेही राहून जाते.

या पांगापांगीवर उतारा म्हणून गावोगावी समाजकेंद्रे निघाली. त्यांत क्रीडागृह असते, वाचनालय असते, शिवणवर्ग असतो, बालवाडी असते. तथापि गंमत अशी, की केंद्राच्या उंबरठ्यातून आत पाऊल टाकताच कुटुंब तेथेही पांगते. महिलांचा वर्ग दुपारी, मुलांचे खेळ सायंकाळी, युवकांच्या स्पर्धा रविवारी आणि वडीलधाऱ्यांचे प्रवचन गुरुवारी. प्रत्येकाचा दिवस वेगळा, दालन वेगळे आणि नोंदवहीही वेगळी. मग कुटुंब कुटुंब म्हणूनच आत येईल आणि कुटुंब म्हणूनच तेथे रमेल, असे केंद्र असू शकते काय? या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर सुमारे नव्वद वर्षांपूर्वी लंडनच्या एका साध्यासुध्या वस्तीत मिळाले होते.

त्या वस्तीचे नाव पेकहॅम. दक्षिण लंडनमधील हा भाग कारागीर, कारकून आणि लहान दुकानदार यांचा होता. तेथे फारशी श्रीमंती नव्हती आणि टोकाचे दारिद्र्यही नव्हते. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या दोन डॉक्टरांनी ही वस्ती मुद्दाम निवडली. पुढे आयुष्याचे सहचर झालेल्या या दोघांना एका कोड्याने पछाडले होते. रोग म्हणजे काय, हे वैद्यकशास्त्राला पुष्कळ ठाऊक आहे. पण आरोग्य म्हणजे काय? निरोगी माणूस डॉक्टरकडे येत नाही. मग त्याला पाहावे कोठे? त्यावर त्यांनी काढलेली तोड सोपी होती. माणसे आनंदासाठी जेथे जमतात, तेथेच वैद्याने जाऊन बसावे.

सन १९२६ मध्ये एका लहानशा घरात त्यांनी कुटुंबांसाठी एक मंडळ उघडले. शंभरावर कुटुंबे सदस्य झाली. तपासणीत असे दिसून आले, की बहुतेक माणसांत काही ना काही शारीरिक उणीव आहे आणि बहुतेकांना तिची दादही नाही. उणीव दाखवून दिली आणि उपचार झाला, म्हणजे माणूस बरा होई. परंतु त्याच अंधाऱ्या खोल्यांत, त्याच एकलकोंड्या दिनक्रमात परतल्यावर थोड्याच काळात पहिले पाढे पंचावन्न. याचा अर्थ स्पष्ट होता. नुसती तपासणी पुरेशी नव्हती. कुटुंबाला हातपाय हलवायला, इतरांत मिसळायला आणि स्वतःच्या शक्ती अजमावून पाहायला मोकळी जागा हवी होती. डॉक्टरांनी १९२९ मध्ये ते घर बंद केले आणि मोठ्या वास्तूसाठी पैसा जमवण्याच्या खटपटीला लागले.

ती वास्तू १९३५ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा सर ओवेन विल्यम्स या स्थापत्य अभियंत्याचा होता. काँक्रीट आणि काच यांची ती इमारत. मध्यभागी मोठा तरणतलाव, एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला नाट्यगृह, लहान मुलांसाठी बालगृह आणि सर्वांसाठी उपाहारगृह. परंतु या वास्तूचे खरे मर्म दालनांत नव्हते. ते भिंतींत होते. आतल्या पुष्कळशा भिंती काचेच्या होत्या. उपाहारगृहात चहा घेत बसलेल्या बापाला पलीकडे पाण्यात झेप घेणारा आपला मुलगा दिसे आणि व्यायामशाळेत उड्या मारणाऱ्या मुलीला बैठ्या खेळात रमलेली आपली आई दिसे. कोणीही कोणावर पहारा करीत नसे. तरी सारे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात असत. मराठी माणसाला याची कल्पना देण्यासाठी फार दूर जावयास नको. चाळीच्या गॅलरीत उभे राहून खालच्या चौकातला खेळ पाहणाऱ्या आईबापांना जे सहज लाभत होते, तेच पेकहॅमच्या डॉक्टरांनी काचेच्या साहाय्याने साधले होते.

केंद्राचे नियम मोजके होते. सदस्यत्व व्यक्तीला मिळत नसे. ते संपूर्ण कुटुंबाला मिळे. ते कुटुंब केंद्रापासून साधारण मैलभराच्या आत राहणारे असावे लागे. मुलाची बाबागाडी ढकलीत आईला पायी येता आले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. वर्गणी आठवड्याला दर कुटुंबामागे एक शिलिंग. आणि घरातील लहानथोर प्रत्येकाने ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे, ही अट. तपासणीनंतर डॉक्टर साऱ्या कुटुंबासमवेत बसत आणि काय आढळले ते समजेल अशा भाषेत सांगत. ते औषध देत नसत आणि उपदेशही करीत नसत. वस्तुस्थिती पुढे ठेवावी आणि निर्णय कुटुंबावर सोपवावा, अशी त्यांची रीत होती. या तपासणीचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा पूर्णपणे निर्दोष प्रकृतीची माणसे शंभरात सुमारे नऊच आढळली होती. ज्या वस्तीने स्वतःला निरोगी मानले होते, तिचे हे चित्र होते.

श्रोत्यांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की अशा केंद्रात मुलांचे आणि युवकांचे कार्यक्रम कोणते असत? त्याचे उत्तर चकित करणारे आहे. ठरवून दिलेले कार्यक्रम जवळजवळ नव्हतेच. साधने होती, जागा होती आणि मोकळीक होती. सुरुवातीला या मोकळिकीचा व्हायचा तोच परिणाम झाला. शाळा सुटल्यावर मुलांचे थवे येत. जिन्यांवरून धावत, आरडाओरडा करीत, वस्तूंची मोडतोड करीत. कोणी शिस्त लावणारा नेमावा, असा आग्रह वाढला. स्कॉट विल्यमसन यांनी त्याला साफ नकार दिला. वरून लादलेली शिस्त पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंतच टिकते, असे त्यांचे मत होते.

अखेर मार्ग सुचला तो ल्यूसी क्रॉकर या तरुण सहकारी बाईंना. मुले दांडगाई करतात, कारण त्यांना हवे ते करण्याची संधी हवी त्या क्षणी मिळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी चिठ्ठीची पद्धत सुरू केली. मुलाला पोहायचे असेल, चाकांचे बूट हवे असतील किंवा व्यायामशाळेत जायचे असेल, तर त्याने एकट्याने तेथील कर्मचाऱ्याकडे जावे, आपली इच्छा सांगावी आणि सहीची चिठ्ठी घ्यावी. गटाने रांग नाही, शिट्टी नाही, वेळापत्रक नाही. एवढ्याशा युक्तीने दोन गोष्टी घडल्या. आपल्याला काय हवे, याचा विचार प्रत्येक मुलाला स्वतः करावा लागला. आणि रोज निदान एका मोठ्या माणसाशी त्याचे समोरासमोर दोन शब्द बोलणे झाले. काही महिन्यांत गोंधळ ओसरला. मुले तासन् तास पोहण्यात, दोरावर चढण्यात, चाकांवर तोल सांभाळण्यात गढून जाऊ लागली. व्यायामशाळेत शिक्षकाविना एकाच वेळी अनेक मुले वावरत, आणि तरी ती एकमेकांवर आदळत नसत, अशी नोंद डॉक्टरांनी आवर्जून केली आहे.

युवकांची गोष्ट यापेक्षा नाजूक होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईबापांचा डोळा नकोसा वाटतो. आणि आईबापांना तो कोठे जातो, याची चिंता लागून राहते. केंद्रात तो आपल्या सोबत्यांसह वावरे, ओळखीच्या मुलींशी बोले, नाचाच्या कार्यक्रमाला जाई आणि हे सारे दोन्हीकडच्या घरच्यांच्या देखत, पण त्यांच्या हाताबाहेर घडे. लपवण्यासारखे काही नसल्यामुळे विचारपूस करण्याचेही कारण उरत नसे. त्याचप्रमाणे पहिल्या बाळंतपणानंतर घरात कोंडली गेलेली तरुण आई बाळाला बालगृहात ठेवून खाली येई, दुसऱ्या आयांना पोहताना पाही आणि काही दिवसांनी आपणही पाण्यात उतरे. तिला कोणी वर्गात बसवून पोहण्याचे महत्त्व पटवून दिलेले नसे. दुसऱ्याला करताना पाहणे, हाच तेथला मुख्य शिक्षक होता. आणि काचेच्या भिंतींचे प्रयोजनही हेच होते.

असे चार वर्षे चालले, आणि १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच केंद्र बंद पडले. त्या इमारतीत युद्धसामग्रीचा कारखाना आला. युद्ध संपल्यावर जे घडले, ते या संस्थेचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र म्हणावे लागेल. पांगलेल्या सदस्य कुटुंबांनीच पुढाकार घेतला, इमारत साफसूफ केली आणि १९४६ मध्ये केंद्राची दारे पुन्हा उघडली. मात्र हे पुनरुज्जीवन अल्पायुषी ठरले. १९५० मध्ये केंद्र कायमचे बंद झाले.

ते का बंद झाले, हे कल्याणकार्याचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती. तो एक थोर उपक्रम होता आणि आहे. परंतु त्याच्या चौकटीत पेकहॅम बसेना. ती सेवा रोगोपचारासाठी. हे केंद्र आरोग्याच्या जोपासनेसाठी. ती सेवा व्यक्तीची. हे केंद्र कुटुंबाचे. ती सर्वांना खुली. हे एका परिसरापुरते. ती विनामूल्य, येथे कुटुंबाला वर्गणी द्यावी लागे. शिवाय केंद्राला आपला कारभार स्वायत्त हवा होता. या साऱ्यांत कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. सरकारी हिशेबात या केंद्रासाठी रकानाच नव्हता, आणि खाजगी पैसा अपुरा पडला, एवढेच. आज ती इमारत ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित आहे आणि तिच्यात राहत्या सदनिका आहेत.

या प्रयोगाला उणिवा नव्हत्या, असे मात्र नाही. केंद्राची रचना दोन हजार कुटुंबांसाठी केलेली होती. ती संख्या त्याला कधीच गाठता आली नाही. पुष्कळ कुटुंबे येत आणि काही काळाने सोडूनही जात. कुटुंब नसलेल्या एकट्या माणसाला तेथे सदस्यत्व नव्हते; आणि ज्याला घर नाही त्यालाच सोबतीची गरज अधिक असते, ही गोष्ट नियमांत हरवली होती. प्रशस्त तलाव आणि काचेचे महाल प्रत्येक वस्तीला परवडणार नाहीत, हेही खरेच.

तरीदेखील पेकहॅमचा धडा तलावावर आणि काचेवर अवलंबून नाही. महाराष्ट्रात १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमापासून कामगार वस्त्यांत कल्याणकेंद्रांचे जाळे पसरत गेले. शिशुमंदिरे, शिवणवर्ग, वाचनालये आणि व्यायामशाळा यांनी पिढ्यान् पिढ्या कामगार कुटुंबांना आधार दिला; कामगारांच्या नाट्यस्पर्धांनी गिरणीतल्या हातांना रंगभूमी मिळवून दिली. त्या नाटकाच्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. यंत्रावर काम करणारा माणूस तोंडाला रंग लावून उभा आहे. समोर त्याची बायको, मुले आणि शेजारीपाजारी बसले आहेत. आणि मुलगा प्रथमच पाहत आहे, की आपल्या बापाला हेही येते. पेकहॅमने काचेच्या भिंतीतून जे साधले, ते येथे एका पडद्याने साधले. दिल्ली, इंदूर, बडोदे येथील महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवातही हेच घडत असते. मात्र वर्षातून काही रात्रीच.

प्रश्न उरतो तो बाकीच्या दिवसांचा. आज मोठ्या शहरांतील नव्या गृहसंकुलांत क्रीडागृहे आहेत, तलाव आहेत. आणि त्यांच्या दारांवर वयोगटांची व वेळांची पाटीही आहे. केंद्राच्या वार्षिक अहवालात हजेरी येते, वर्गांची संख्या येते, वाटलेली पारितोषिके येतात. त्या अहवालात आणखी एक साधा रकाना वाढवता येईल : या महिन्यात एकाच घरातील माणसे एकाच वेळी किती दिवस केंद्रात होती? त्यासाठी इमारत पाडावयास नको आणि निधीही वाढवावयास नको. एखाद्या सायंकाळी शिवणवर्गाची खिडकी क्रीडांगणाच्या बाजूला उघडली, वडिलांच्या कॅरमचा पाट मुलांच्या खेळाशेजारी मांडला आणि युवकांच्या हाती सामानाच्या कपाटाची किल्ली दिली, तरी त्या रकान्यात पहिला आकडा पडू लागेल.