ब्युटेनच्या ज्योतीचे समीकरण

रासायनिक अभिक्रियेत जुने रेणू मोडतात आणि नवे जुळतात, परंतु ज्या अणूंचे ते बनलेले असतात त्यांची संख्या घटत नाही की वाढत नाही; यालाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात, आणि रासायनिक समीकरण संतुलित करण्याची सारी खटपट या एका नियमाखातर असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए याने 1789 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्राक्षरस आंबण्याची क्रिया बीजगणितातील समीकरणाप्रमाणे मांडली, ती क्रियेपूर्वीचे आणि क्रियेनंतरचे द्रव्य वजनाने सारखेच भरले पाहिजे, या ठाम भूमिकेतून.

घरगुती गॅसचे ज्वलन हे या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. सिलिंडरमधील गॅस मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. त्यांपैकी ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे 4 आणि हायड्रोजनचे 10 अणू असतात, तर हवेतील ऑक्सिजनचा रेणू 2 अणूंचा असतो. समीकरणात बाणाच्या डावीकडे लिहिलेल्या या दोन्ही पदार्थांना अभिक्रियाकारके म्हणतात, आणि पूर्ण ज्वलनानंतर तयार होणारे कार्बन डायऑक्साइड व पाणी ही उजवीकडची उत्पादिते होत.

प्रारंभ कार्बनपासून करावा: डावीकडे त्याचे 4 अणू असल्याने उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे 4 रेणू हवेत, आणि हायड्रोजनचे 10 अणू असल्याने पाण्याचे 5. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी ठेवायचा, कारण डावीकडे तो सुटा असतो आणि त्याचा आकडा बदलल्याने इतर कोणत्याही मूलद्रव्याची जुळणी बिघडत नाही. उजवीकडे आता ऑक्सिजनचे 8 आणि 5 मिळून 13 अणू झाले, म्हणजे डावीकडे साडेसहा रेणू लागतील. पूर्ण अंकांत लिहिण्यासाठी सर्वच आकडे दुप्पट करावेत, की ब्युटेनचे 2 व ऑक्सिजनचे 13 रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे 8 आणि पाण्याचे 10 रेणू देतात, असे समीकरण हाती येते. दोन्ही बाजूंना कार्बनचे 8, हायड्रोजनचे 20 आणि ऑक्सिजनचे 26 अणू भरतात.

रेणुसूत्राच्या आधी लिहिलेल्या या आकड्यांना सहगुणक म्हणतात, आणि बदलण्याची मुभा फक्त त्यांनाच आहे. विद्यार्थी घाईघाईने रेणुसूत्रातला लहान अंक बदलून बेरीज जुळवतात, तेव्हा पदार्थच बदलतो: पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातला, तर ते पाणी न राहता जखमेवर लावले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. रेणूची घडण प्रयोगाने ठरलेली असते. ती कोणाच्या सोयीसाठी वाकत नाही.

संतुलित समीकरणाची खरी किंमत वजने काढताना कळते. 58 ग्रॅम ब्युटेनला पूर्ण जळण्यासाठी 208 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून 176 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व 90 ग्रॅम पाणी निर्माण होते. दोन्ही बाजूंची बेरीज 266 ग्रॅम. याच प्रमाणाने, 14.2 किलोग्रॅमच्या सिलिंडरमध्ये केवळ ब्युटेन आहे असे मानले, तर तो संपेपर्यंत सुमारे 43 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 22 किलोग्रॅम पाण्याची वाफ बाहेर पडते. गॅसच्या तिपटीहून अधिक वजनाचा वायू कोठून आला, या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर समीकरणातच आहे: हवेतून घेतलेल्या सुमारे 51 किलोग्रॅम ऑक्सिजनमधून.

मात्र समीकरण संतुलित झाले म्हणजे अभिक्रिया तशीच घडते, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. ब्युटेनच्या 2 रेणूंना 13 ऐवजी ऑक्सिजनचे 9 रेणूच मिळाले, तर कार्बन मोनॉक्साइडचे 8 आणि पाण्याचे 10 रेणू तयार होतात, असेही समीकरण लिहिता येते, आणि अणूंच्या हिशेबात तेही तंतोतंत बरोबर आहे. प्रत्यक्षात कोणती उत्पादिते किती प्रमाणात मिळतील, हे ज्योतीला मिळणारी हवा ठरवते. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणूनच बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालवणे जिवावर बेतू शकते.