छोट्या इंजिनासाठी सामान शोधताना



परवा माझ्या कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह गेला. भांड्यांच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने दोन वॉल्व्ह समोर ठेवले. एक कंपनीचा, दुसरा साधा, निम्म्या किमतीचा. म्हणाला, "बाई, हा पण बसतोय की!" बसत होता, खरे आहे. पण वेळ आली तर तो नेमका वितळून वाफेला वाट देईल का, हे काही त्याला सांगता येईना. मी कंपनीचा घेतला आणि घरी आले. येताना मनात म्हटले, आज रेडिओवर हेच सांगायचे, फक्त माझ्या इंजिनाच्या निमित्ताने.

तर माझ्याकडे एक वाफेचे इंजिन आहे. शिलाई मशीनच्या पेटीत बसेल एवढे. त्याच्या रुळांमधले अंतर साडेतीन इंच, म्हणजे 89 मिलिमीटर. आत खरा कोळसा जळतो, खरी वाफ होते, आणि रुळावर ठेवले की ते एक-दोन मुलांना ओढत नेते. मी शाळेत विज्ञान शिकवायची. माझे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथून 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि फाटकाशी उभी राहून इंजिनांचा वास घ्यायची. तेल, कोळसा आणि ओल्या वाफेचा वास. निवृत्त झाल्यावर म्हटले, आपणच एक करून बघावे.

नकाशा मिळाला तो इंग्लंडचा. तिथे 'मॉडेल इंजिनिअर' नावाचे नियतकालिक 1898 साली सुरू झाले. त्यात एल. बी. एस. सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी घरच्या घरी इंजिन करू पाहणाऱ्यांसाठी कितीतरी नकाशे दिले. त्यांतले 'टिच' हे चार चाकांचे लहानसे इंजिन मी निवडले. पण तिकडे चाकांची ओतीव जोडी टपालाने मागवता येते. आपल्याकडे सामान शोधत हिंडावे लागते. मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो या शोधातच.

सुरुवातीलाच वहीचे एक पान घेऊन मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्या वस्तूंवर वाफेचा दाब येत नाही त्या लिहा. उजवीकडे दाब येतो त्या. डावीकडची यादी घेऊन खुशाल भंगारात जा.

सांगाड्याच्या दोन पट्ट्या साध्या पोलादी पत्र्याच्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात तीन मिलिमीटर पत्र्याचे तुकडे वजनावर मिळतात. कातरलेला तुकडा वाकडा असतो, म्हणून करवतीने कापलेला मागा. आसांसाठी मी जुन्या प्रिंटरमधले गज वापरले. गुळगुळीत आणि अगदी सरळ असतात. काही मात्र इतके कडक निघतात की करवत चालत नाही. म्हणून घेण्याआधी कानस मारून बघा, घसरली तर ठेवून द्या.

स्क्रूंची फार काळजी करू नका. नकाशात बी. ए. नावाचे जुने इंग्रजी आटे असतात, ते इथे सहज मिळत नाहीत. 5 बी. ए. स्क्रू 3.2 मिलिमीटरचा असतो. त्याच्या जागी आपला तीन मिलिमीटरचा स्क्रू चालतो. फक्त एकदा ठरवले की सगळीकडे तोच धरायचा.

चाके बिडाची लागतात. कोल्हापुरात फाउंड्रींना तोटा नाही, पण वाटीएवढी चार चाके ओतायला कोण बसणार? मी सुताराकडून लाकडी पॅटर्न करून घेतला आणि एका ओतकाम करणाऱ्या मिस्त्रींना म्हटले, तुमचे मोठे काम ओताल त्या दिवशी उरलेल्या रसात माझे चार साचे भरा. ते हसले, पण भरले. बीड थंड होताना 100 मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आखडते. तेवढा पॅटर्न मोठा हवा, आणि लेथवर कातायला जागा वेगळी. पहिल्या खेपेला चाके वाळूतून लवकर काढली. बारीक आरे भरकन थंड झाले आणि बीड काचेसारखे कडक झाले. लेथची पटाशी नुसती घसरायला लागली. दुसऱ्या खेपेला चाके रात्रभर वाळूतच राहू दिली, तेव्हा ती मऊ निघाली.

आता उजवीकडची यादी. बॉयलर, त्याचे वॉल्व्ह, नळ्या, वाफेचा घड्याळकाटा. घरचा कुकर साधारण 15 पौंड दाबावर चालतो. माझ्या इंजिनाचा दाब 80 पौंड, म्हणजे कुकरच्या पाचपटीहून जास्त. एवढ्या दाबाची वाफ 160 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते. इथे "बसतोय की" हे उत्तर चालत नाही.

बॉयलर तांब्याचा. पत्रा घेताना गेज विचारा. 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, व्हर्नियर जवळ ठेवा. नकाशात सांगितलेली जाडी मिळाली नाही तर त्याच्या वरची घ्या, खालची कधीही नको. नळ्या फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळतात, पण त्यांच्या भिंतीची जाडीही मोजायची. पाण्याच्या पंपातली गोळी सायकलच्या बेअरिंगमधली घालू नका, ती गंजते. बेअरिंगच्या दुकानात स्टेनलेसची मिळते. सेफ्टी वॉल्व्हला पेनातली स्प्रिंग तर मुळीच नको.

जोडकाम चांदी मिसळलेल्या डाखाने करायचे. कथील-शिशाचा साधा डाख 183 अंशांपासून वितळू लागतो, म्हणजे वाफेच्या तापमानाच्या अगदी जवळ. चांदीच्या डाखाला 600 अंशांच्या वर आच लागते. हे मी शिकले हुपरीत. तिथे घरोघरी चांदीचे काम चालते आणि त्यात बायकांचा मोठा हात आहे. एका मावशींनी मला दोन दुपारी शेजारी बसवून घेतले. टाकणखार कसा लावायचा, आच डाखावर न धरता धातूवर का धरायची, धातू पुरेसा तापला की डाख आपोआप कसा पळतो, हे सगळे त्यांनी दाखवले. पैंजण असो की बॉयलर, रीत तीच. फक्त बॉयलरला आच फार मोठी लागते आणि मदतीला दुसरे माणूस लागते. डाखाची कांडी मात्र चांदीचे प्रमाण लिहिलेली आणि कॅडमियम नसलेली घ्या. कॅडमियमचा धूर विषारी असतो.

एवढे सगळे करूनही मी चुकले. ते सांगायलाच आज आले आहे.

बॉयलरचा पत्रा पातळ, त्यात आटे धरत नाहीत. म्हणून वॉल्व्ह बसतो तिथे एक जाड कडी डाखून घेतात, तिला बुश म्हणतात. ते गनमेटलचे हवेत. गनमेटल म्हणजे तांबे आणि कथील, थोडे जस्त. कोल्हापुरात मला ते मनासारखे मिळेना. एका भंगाराच्या दुकानात तांबूस-पिवळा गज दिसला. "गनमेटलच आहे," दुकानदार म्हणाला. कानस मारली, रंग तांबूस वाटला. मला तो गज गनमेटलचाच असायला हवा होता, म्हणून मी विश्वास ठेवला. बुश झाले, बॉयलर झाला, पाण्याच्या दाबाची परीक्षाही पास झाला. दोन वर्षे इंजिन धावले.

मग एका शाळेने बोलावले. पन्नासेक मुले येणार होती. निघण्याच्या आठवड्यात मी दरवर्षीची परीक्षा घेतली. सेफ्टी वॉल्व्हच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब आला. पुसला, पुन्हा आला. वॉल्व्ह आवळायला गेले तर आटे हातात भुग्यासारखे आले. बुश आतून गुलाबी झाला होता, स्पंजासारखा सच्छिद्र. तो गज पितळेचा होता. पितळेतले जस्त गरम पाण्याने हळूहळू ओढून नेले आणि मागे नुसती तांब्याची जाळी राहिली. वरून पिवळा, चकचकीत. माझ्या डोळ्यांसमोर त्या बुशाभोवती वाकून बघणारी मुले आली. हात थरथरायला लागले.

शाळेत मी गेले, पण इंजिन पेटवले नाही. मुलांना तो भुसभुशीत बुश हातात दिला आणि काय झाले ते सांगितले. थोडी हिरमुसली, पण ऐकत राहिली. पुढे दोन महिने लागले. सगळे बुश काढले आणि धातूचा दाखला देणाऱ्या दुकानातून बिलावर गनमेटल आणून नवे बसवले. त्या गजाला भंगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले. पण एकूण खर्चात ती रक्कम किरकोळ होती.

मैत्रिणींनो, 25 लिटरपेक्षा लहान बॉयलर आपल्याकडच्या बॉयलर कायद्यात येत नाही. म्हणजे तपासायला सरकारी माणूस येत नाही. तपासनीस आपणच. परीक्षा सोपी आहे. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवा ठेवायची नाही आणि हातपंपाने दाब द्यायचा. नव्या बॉयलरला चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे माझ्या इंजिनाला 160 पौंड. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कुठे फुटले तरी नुसती पिचकारी उडते. वाफेने मात्र अशी परीक्षा कधीही घेऊ नये. आणि एकदा पास झाला म्हणून कायमचा पास नाही. मी दरवर्षी घेत होते म्हणून तो थेंब मला घरात दिसला.

तुमच्यापैकी कुणी इंजिन करील न करील. पण कुकर प्रत्येकीच्या घरात आहे. आज त्याचा वॉल्व्ह उजेडात धरून बघा. वाफेची वाट मोकळी आहे का, रबर कडक झाले आहे का, ते बघा. बदलायचा असेल तर "बसतोय की" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

माझे इंजिन आता पुन्हा धावते. तो गुलाबी बुश मी फेकला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुकरच्या शेजारी ठेवला आहे.