स्वभाव की नशीब?



आजच्या भाषणासाठी आम्ही टॉमस हार्डी यांची १८८६ साली प्रसिद्ध झालेली ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी निवडली आहे. तिच्यातील कॅस्टरब्रिज म्हणजे दक्षिण इंग्लंडमधील डॉर्चेस्टर हे छोटे शहर होय.

एकवीस वर्षांचा मजूर मायकेल हेंचर्ड एका जत्रेत, दारूच्या नशेत, पत्नी सूझन व तान्ही मुलगी यांना पाच गिनींना एका खलाशाच्या हाती विकतो. शुद्धीवर येताच एकवीस वर्षे दारूला न शिवण्याची शपथ घेतो आणि ती पाळतो. पुढे तो धान्याचा मोठा व्यापारी आणि नगराध्यक्ष होतो.

पण शपथेने दारू सुटते. उतावळा स्वभाव सुटत नाही. प्रतिस्पर्धी फारफ्रे याला नामोहरम करण्यासाठी तो पावसाचे भाकीत ऐकून भरमसाट धान्य खरेदी करतो. ऊन पडते, भाव कोसळतात. तो घाबरून माल विकून टाकतो आणि नंतर हवा फिरते. आपल्यावर कोणी करणी केली की काय, असे त्याला वाटते. वस्तुतः थोडा धीर धरला असता तर निदान तोटा तरी टळला असता.

स्वभाव हेच माणसाचे नशीब, हा जर्मन लेखक नोव्हालिस यांच्या नावे सांगितला जाणारा विचार हार्डी येथे आठवतात. हेंचर्डपुरता तो आम्हांस पटतो. त्याच स्वभावाचे तेजही आपण पाहावे: न्यायासनावर बसलेला असताना एक म्हातारी त्याचे जुने पाप उघड करते. न्यायालयाचा कारकून ती बनवाबनवी ठरवतो; हेंचर्ड मात्र भर न्यायालयात ते कबूल करतो.

परंतु सूझनचे काय? तिचे नशीब तिच्या स्वभावाने घडवले नाही. ते विकणाऱ्याने घडवले, विकत घेणाऱ्याने घडवले आणि सारा प्रकार थट्टेवारी नेणाऱ्या तंबूतील लोकांनीही घडवले.

आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ‘नशिबाचे भोग’ म्हणून जे सोसावयास लावले, तेही माणसांनीच लादलेले होते. म्हणून मुलांसमवेत ही कादंबरी वाचताना प्रत्येक दुःखापाशी थांबून विचारावे: यात त्या व्यक्तीचा स्वतःचा वाटा किती आणि इतरांचा किती? स्वतःच्या वाट्याची जबाबदारी घ्यावी. इतरांच्या वाट्याचा जाब विचारावा. ‘नशीब’ या एका शब्दाखाली दोन्ही झाकले जाऊ नयेत, एवढेच आमचे सांगणे आहे.

जयभीम.