पहिले चार पदवीधर

एखाद्या विद्यापीठाचे नाव निघाले की त्याच्या कीर्तिमंत विद्यार्थ्यांची नामावळी सांगण्याचा परिपाठ सर्वत्र आहे. नामावळी जितकी लांब तितके विद्यापीठ थोर, अशी आपली समजूत असते. मुंबई विद्यापीठाची नामावळी फार लांब आहे. तीत न्यायाधीश आहेत, प्रधान आहेत, शास्त्रज्ञ आहेत आणि संपादकही आहेत. परंतु त्या नामावळीच्या अगदी आरंभी जी चार नावे आहेत, त्यांच्याकडे थोडे थांबून पाहिले तर विद्यापीठाचा खरा सुपुत्र कोणास म्हणावे याचा एक निराळाच निकष हाती लागतो.

१८५७ या वर्षाचा उच्चार होताच कोणाच्याही मनात प्रथम उत्तर हिंदुस्थानातील उठावाचे स्मरण जागे होते. पण त्याच धामधुमीच्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत तीन विद्यापीठे जन्मास आली. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. आज विद्यापीठ म्हटले की जो राजाबाई मनोरा डोळ्यांपुढे उभा राहतो, तो तेव्हा नव्हता. तो १८७८ साली पुरा झाला. हे नवे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. म्हणजे ते स्वतः शिकवीत नसे. शिकविण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे, आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम तेवढे विद्यापीठाचे. त्याचे क्षेत्र मात्र विशाल होते. सिंध, गुजरात, महाराष्ट्र आणि बेळगाव-धारवाडकडील मुलूख, इतक्या दूरदूरच्या विद्यार्थ्यांना ते एकच दार होते. पुढे १८८१ साली स्थापन झालेले बडोदा कॉलेज याच विद्यापीठास जोडले गेले, आणि मुक्तीनंतर गोव्यात निघालेली कॉलेजेही १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत याच छत्राखाली होती.

१८६२ साली या विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा प्रथमच चौघांनी उत्तीर्ण केली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही त्यांची नावे. रानडे निफाडास जन्मले व कोल्हापुरास शिकले. भांडारकर मालवणचे, रत्नागिरीच्या शाळेतून ते मुंबईस आले. पदवी मिळाली तेव्हा रानड्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते आणि भांडारकर पंचविशीच्या उंबरठ्यावर होते. पदवीधर म्हणजे काय, त्याने कसे वागावे, त्याच्याकडून समाजाने कसली अपेक्षा करावी, याचा कित्ता त्यांच्यापुढे नव्हता. तो त्यांनाच घालून द्यावयाचा होता.

चौघांच्या वाटा निराळ्या झाल्या. वागळे वकिलीकडे वळले. मोडकांनी शाळामास्तरकी पत्करली आणि ते एल्फिन्स्टन हायस्कूलच्या प्रमुखपदापर्यंत चढले. भांडारकर हैदराबाद-सिंध व रत्नागिरी येथे हेडमास्तर होते. पुढे एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे प्राध्यापक झाले. रानडे १८७१ साली पुण्यास न्यायखात्यात आले आणि १८९३ साली मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. वाटा निराळ्या झाल्या तरी १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात हे चौघेही पुन्हा एकत्र आलेले दिसतात. पदवी ही केवळ चाकरीची सनद नव्हे, ते एक ऋण आहे, ही जाणीव चौघांना होती.

पण ऋण फेडणे म्हणजे निमूटपणे गुणगान करणे नव्हे. रानडे विद्यार्थी असतानाच एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि ती इंग्रजांना उणेपणा आणणारी होती. त्याबद्दल प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. विशेष हे, की रानड्यांनी ग्रँटसाहेबांविषयीचा आदर सोडला नाही आणि आपले मतही सोडले नाही. १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील त्यांचा ग्रंथ हे त्या तरुण विद्यार्थ्याचे प्रौढपणीचे उत्तरच म्हणावयास हवे.

विद्यापीठाशी त्यांचा खरा वाद झाला तो मराठीवरून. पहिल्या काही वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान होते. परंतु लवकरच, १८६० नंतरच्या दशकातच, वरच्या परीक्षांतून त्यांना रजा मिळाली. प्रवेशपरीक्षेपुरती मराठी उरली. तिच्या वरच्या पायऱ्यांवर संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषाच काय त्या चालू लागल्या. देशी भाषांत उच्च अभ्यासास योग्य असे वाङ्मय नाही, हा या निर्णयामागील विचार होता.

या निर्णयाची एक बाजू उजळ होती हे मान्य केले पाहिजे. संस्कृतच्या अध्ययनास जोर आला, आणि त्या अध्ययनाला शास्त्रशुद्ध वळण लावणारा पुरुष याच चौघांतून निघाला. भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ हाती धरून मुलांच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. १८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी संस्कृतपासून आजच्या देशी भाषांपर्यंतचा प्रवास उलगडून दाखविला. मराठी ही गावंढळ बोली नसून तिच्यामागे प्राकृतांची मोठी परंपरा आहे, हे संस्कृताच्या पंडितानेच सिद्ध करावे ही गोष्ट लहान नव्हे. १८९३ ते १८९५ या काळात तेच या विद्यापीठाचे कुलगुरू होते.

दुसरी बाजू रानड्यांना सलत होती. ते १८६५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षीच, विद्यापीठाचे फेलो झाले होते. तेव्हापासून मरेपर्यंत सिनेटमध्ये त्यांचे लक्ष दोन गोष्टींवर राहिले. एक विद्यार्थ्यांची प्रकृती. पदवीधर तरुण अकाली का मरतात, याचा त्यांनी १८९४ च्या सुमारास आकडे घेऊन विचार केला आणि परीक्षांचे ओझे हलके करण्याचा आग्रह धरला. दुसरी गोष्ट मराठी. पदवीधराची विद्या त्याच्या भाषेत उतरली नाही, तर ती त्याच्या घरच्या माणसांपर्यंत कशी पोहोचणार, हा त्यांचा प्रश्न होता. इंग्रजी शिकलेला मुलगा आणि त्याची आई यांच्यामध्ये विद्यापीठानेच भिंत बांधावी, हे त्यांना पटेना.

मराठीत वाङ्मय नाही, या आक्षेपाला त्यांनी भावनेने उत्तर दिले नाही, पुराव्याने दिले. विशीत असतानाच त्यांनी मराठीत छापल्या गेलेल्या पुस्तकांची पाहणी केली होती. १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांचा पहिला मेळावा लोकहितवादींच्या सहकार्याने त्यांनी भरविला. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी सविस्तर टिपण लिहिले. सिनेटमध्ये प्रस्ताव हाणून पाडला जावा आणि त्यांनी तो काही वर्षांनी नव्या पुराव्यासह पुन्हा मांडावा, असा हा चिवट लढा होता. अखेर १९०१ साली एम. ए. च्या परीक्षेत मराठीस प्रवेश मिळाला. त्याच वर्षी १६ जानेवारीस रानड्यांनी देह ठेवला होता.

१८७८ च्या त्या मेळाव्याची परंपरा पुढे साहित्य संमेलनांच्या रूपाने चालू राहिली, आणि ती महाराष्ट्राच्या सीमेत अडकून पडली नाही. १९०९ साली बडोद्यास, १९१७ साली इंदुरास, १९२८ साली ग्वाल्हेरीस, १९२९ साली बेळगावास, १९३० साली मडगावास आणि १९३१ साली हैदराबादेस संमेलने भरली. त्या गावांतील मराठी घरांना आपली भाषा पोरकी नाही हे त्या मंडपांनी सांगितले. पुण्यातील पहिल्या मंडपाचा खांब रोवणारा पुरुष मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चौघांपैकी होता, हे त्या घरांनी विसरू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या शब्दाच्या बळावर तिला एके काळी विद्यापीठाच्या दाराबाहेर उभे केले होते, तोच शब्द आता तिच्या नावामागे लागला. मात्र दर्जा सरकार देते. वाचक सरकारला देता येत नाहीत. सीमेपलीकडच्या अनेक गावांत आज मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, आणि पदवी घेतलेली मुले आजीच्या पत्राचे अक्षर लावू शकत नाहीत. आई आणि मुलगा यांच्यामधील ज्या भिंतीची रानड्यांना चिंता होती, ती आता विद्यापीठाने नव्हे, घरांनीच बांधावयास घेतली आहे.

विद्यापीठाने रानड्यांना पदवी दिली. त्यांनी विद्यापीठाला त्याची चूक दाखवून दिली आणि ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा केला. या दोहोंत अधिक मोलाची देणगी कोणती, हे आजच्या पदवीधरांनी आपल्याशीच ठरवावे, आणि ठरल्यावर घरातील एखाद्या मुलाच्या हाती एखादे मराठी पुस्तक द्यावे.