मंगळवार ते शुक्रवार : पुनरुत्थानकाळातील नित्यवाचन



या संस्थेतील दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थाचालकांचा ऋणी आहे. मी वसईच्या एका कॅथलिक कुटुंबात जन्मलो. माझी मातृभाषा मराठी, प्रार्थनेची भाषाही मराठी. त्यामुळे देवासला आलो की मी परमुलखात आलो असे मला कधी वाटत नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यांच्या आश्रयाने येथे स्थिरावलेल्या घरांतून आजही मराठी बोलली जाते. या देवासात तर एकाच गावात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांच्या वाटणीतून निघालेली ही व्यवस्था १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत चालली. भावांची वाटणी हा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख आरंभीच करून ठेवतो.

आज बोलायचे आहे ते शास्त्रवाचनाविषयी. ख्रिस्तमंडळात ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस पुनरुत्थानकाळ म्हणून पाळले जातात. त्याआधीचे चाळीस दिवस उपवासाचे आणि प्रायश्चित्ताचे. अनुभव असा की, त्या चाळीस दिवसांत आमची मंदिरे भरलेली असतात आणि पुढच्या पन्नास दिवसांत ओस पडू लागतात. दुःखाच्या काळात देव आठवतो. आनंदाच्या काळात आपण आपल्या कामाला लागतो. वास्तविक, श्रद्धेची खरी मशागत या पन्नास दिवसांतच व्हायची असते. त्या मशागतीचे साधन म्हणजे रोजचे शास्त्रवाचन आणि त्यावरचे चिंतन.

आपल्यापैकी पुष्कळांना नित्यपाठ ही कल्पना नवी नाही. घरात हरिपाठ म्हणणारे आजोबा किंवा नेमाने ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचणारी आजी आपण पाहिलेली आहे. आमच्याकडेही ही परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे आपले क्रिस्तपुराण छापले. मराठी ओवीत रचलेली ती बायबलची कथा तेथील मंदिरांतून लोकांना वाचून दाखवली जात असे. तथापि, रोजच्या उपासनेतील शास्त्रवाचने सामान्य कॅथलिक माणसाला आपल्या भाषेत मिळायला विसावे शतक बरेच सरावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे, असा आग्रह धरला. १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. मराठीत पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, हे आपणास स्मरत असेल.

या वाचनक्रमाची रचना समजून घेतली पाहिजे. पुनरुत्थानकाळात दररोजचे पहिले वाचन 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातून असते. पहिल्या आठवड्यात शुभवर्तमानाची वाचने पुनरुत्थित येशूच्या दर्शनांची असतात. दुसऱ्या आठवड्यापासून योहानाचे शुभवर्तमान जवळजवळ सलग चालते : रात्री गुपचूप येणारा निकोदेम, मग जीवनाची भाकर, मग उत्तम मेंढपाळ आणि शेवटी निरोपाचे दीर्घ संभाषण. वर्षातील सामान्य काळात सोमवार ते शनिवारचे पहिले वाचन एकाआड एक वर्षी बदलते. या पन्नास दिवसांत मात्र त्या वारांना दरवर्षी तीच वाचने येतात. मजकूर तोच राहतो. वाचणारा तेवढा एका वर्षाने पुढे गेलेला असतो. या कालावधीत त्याचे काय झाले, हे तो मजकूर त्याला विचारतो.

आता आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकाकडे वळतो. पुनरुत्थानकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातील मंगळवारी स्तेफनाच्या मृत्यूची कथा वाचली जाते. दगडांचा वर्षाव होत असताना तो आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. शौल नावाचा एक तरुण जवळ उभा असतो. दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे त्याच्या पायांशी ठेवलेली असतात. त्याने दगड उचलला नाही, पण या हत्येला त्याची संमती होती. त्याच आठवड्यातील शुक्रवारी दमास्कसच्या वाटेवरचा प्रसंग येतो. हाच शौल प्रकाशाने दिपून खाली कोसळतो आणि आंधळा होऊन शहरात नेला जातो. पुढे तो पौल म्हणून ओळखला गेला. मंगळवारी वाचून जो थांबला, त्याच्या हाती एक हुतात्मा आणि एक गुन्हेगार एवढेच लागते. शुक्रवारपर्यंत जो वाचतो, त्याला त्या गुन्हेगाराचे पुढे काय झाले हे कळते. मंगळवारनंतर पुस्तक मिटण्याचा मोह मात्र आपणा सर्वांना होतो.

श्रोतेहो, या जिल्ह्यात हे दोन वार एकदा प्रत्यक्षात वाचले गेले आहेत, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. देवास जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी १९९२ पासून काम करीत होती. जन्म १९५४ चा, केरळातील पुल्लुवळी गावचा. आदिवासी शेतकऱ्यांना संघटित करणे, त्यांना सावकारी पाशातून सोडवणे, सरकारी योजनांची माहिती देणे हे तिचे काम. त्यामुळे काही जणांचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरला निघाली असता त्यांच्या चिथावणीने समुंदरसिंह नावाच्या तरुणाने तिच्यावर सुऱ्याने वार केले. वारांची संख्या पन्नासाहून अधिक होती. बसमध्ये प्रवासी होते. भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा आरंभ, अवघ्या चार दिवसांवर आला होता. तिचे दफन उदयनगरलाच झाले.

त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता आणि स्तेफनाच्या मृत्यूचे वाचन येणारा मंगळवार २ मे रोजी. दफनाला जेमतेम नऊ आठवडे झाले होते. तिच्या भगिनींनी आणि धर्मग्रामातील माणसांनी त्या मंगळवारी काय अनुभवले असेल, याची कल्पना मी करीत नाही. तो माझा अधिकार नव्हे. एवढे मात्र निश्चित की शुक्रवारचे वाचन त्यांच्या पुस्तकातही होते.

इथे शुक्रवार यायला सात वर्षे लागली. समुंदरसिंहाला न्यायालयाने जन्मठेप दिली. स्वामी सदानंद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी तुरुंगात त्याच्याशी संबंध जोडला. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेलाही तिच्या कुटुंबाने पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. क्षमा म्हणजे न्यायाला दिलेली सुट्टी नव्हे. खटला चालला, शिक्षा झाली, तुरुंगवास भोगला गेला. आणि तो भोगला जात असतानाच राखी बांधली गेली. ज्या सावकारीविरुद्ध राणी मारिया उभी राहिली, ती सावकारी या राखीने क्षम्य ठरत नाही. गुन्ह्याला गुन्हा म्हणूनही गुन्हेगाराला भाऊ म्हणता येते, एवढेच या घटनेने दाखवले. आणि हे एवढे काही थोडे नाही.

'भाऊ' हा शब्द मी मुद्दाम वापरला. शुक्रवारच्या त्या वाचनात आणखी एक पात्र आहे, त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दमास्कसमध्ये हनन्या नावाचा एक साधा शिष्य राहत असतो. आंधळ्या शौलाकडे जा, असा आदेश त्याला दर्शनात मिळतो. तो लगेच निघत नाही. तो हरकत घेतो. या माणसाने आमच्या लोकांना किती छळले आहे, हे तो देवालाच ऐकवतो. मग तो जातो, शौलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारतो. दमास्कसला हात डोक्यावर ठेवला गेला, इंदूरला मनगट हाती घेतले गेले. नाते मात्र एकच जोडले गेले.

आता थोडे स्वतःविषयी, कारण स्वतःला वगळून या विषयावर बोलणे प्रामाणिक ठरणार नाही. वडिलांच्या पश्चात आमच्या वाडीची वाटणी झाली. विहीर कोणाच्या हद्दीत, यावरून मी आणि माझा थोरला भाऊ यांच्यात जे बोलणे तुटले, ते अकरा वर्षे तुटलेलेच राहिले. त्या काळात मी रोज शास्त्र वाचत होतो. मंगळवारचे वाचन आले की मी मनातल्या मनात स्तेफन होत असे; दगड मारणारा कोण, हे सांगायला नको. शुक्रवारी भावाला दमास्कसचा प्रकाश दिसावा, अशी प्रार्थनाही करीत असे. एके वर्षी मात्र हनन्याच्या हरकतीपाशी मी अडखळलो. ती सारी वाक्ये माझीच होती. अकरा वर्षे मी देवाला माझ्या भावाची तक्रार ऐकवत होतो आणि जा, हा शब्द वगळून वाचत होतो.

मी भावाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पुढच्या पुनरुत्थानकाळात पुन्हा लिहिले. तिसऱ्या वर्षीच्या पत्राला दोन ओळींचे उत्तर आले. त्यात क्षमेचा उल्लेख नव्हता. यंदा विहिरीला पाणी बरे आहे, केव्हाही ये, एवढेच होते. मी गेलो. राणी मारियाच्या कुटुंबाच्या दुःखापुढे माझी विहीर अगदी क्षुल्लक आहे, हे मी जाणतो. पण बहुतेकांच्या वाट्याला अशा क्षुल्लक विहिरीच येतात, आणि त्यांच्या काठावरच आपली श्रद्धा खोल होते किंवा आटून जाते.

नित्यवाचन कसे करावे, असे मला अनेक जण विचारतात. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवसान्निध्यात स्वस्थ राहणे. या पायऱ्यांना धरून मी तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, त्या दिवसाचा नेमलेला भाग पूर्ण वाचावा. आवडीचे वचन निवडू नये. निवडलेले वचन बहुधा आपलीच बाजू घेते. दुसरी, उतारा वाचून झाल्यावर आपण त्यात नेमके कोण आहोत हे विचारावे, आणि पहिले उत्तर स्वीकारू नये. तिसरी, दुसऱ्या दिवशीही वाचावे. ही सर्वांत अवघड. पंधरा मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत.

यासाठी आधी ऐकावे लागते. देवासकरांना हे मी सांगावे असे नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये येथे आले ते क्षयाने आजारी होऊन. गाणे बंद झाले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीते ऐकत राहिले, आणि पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या ऐकण्याने त्यांचे गाणे बदलले होते. गाता येत नसतानाची ती वर्षे वाया गेली नाहीत. शास्त्र वाचतानाही असे दिवस येतात. शब्द समोर असतात आणि आत काही हलत नाही. अशा दिवशी फक्त ऐकत राहावे.

पुनरुत्थानाच्या दुसऱ्या रविवारी थोमाची कथा वाचली जाते. येशू शिष्यांना शांती देतो आणि त्यांना आपले हात व कूस दाखवतो. पुनरुत्थानानंतरही त्याच्या अंगावरचे व्रण गेलेले नाहीत. उदयनगरला राणी मारियाचे थडगे आहे आणि इंदूरला एका मनगटावर राखी बांधली गेली, ही दोन्ही सत्ये एकत्र धरता येणे, हीच मला पुनरुत्थानावरची श्रद्धा वाटते. ती एका दिवसात येत नाही. म्हणूनच आम्हांला पन्नास दिवस दिलेले आहेत, आणि ते दरवर्षी दिलेले आहेत.

आपल्यातील जे ख्रिस्ती नाहीत, त्यांनी आपला नित्यपाठ जो असेल तो पुढे चालवावा. जे ख्रिस्ती आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे : मंगळवारी पुस्तक मिटू नका.